पाणक्याचा पगार

दहा गॅलनचं नारिंगी पिंप आधी गाडीवर चढवायचं, मग भरायचं. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या मैदानामागे बघायला मिळतं. नवा पोरगा पिंप नळाखाली जमिनीवर ठेवतो, काठोकाठ भरतो, झाकण फिरवून घट्ट करतो, दोन्ही कड्यांत हात घालतो आणि तिथेच थांबतो. दहा गॅलन म्हणजे ३८ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच ३८ किलो. सकाळचे पावणेसहा वाजलेले, सहाला संघ मैदानावर येणार आणि अशी सहा पिंपं भरायची आहेत. मग तोटी उघडून अर्धं पाणी गटारात.

पिंपात आधी बर्फ, तळापासून साधारण एक तृतीयांश, त्यावर पाणी. खेळाडूंच्या सरबताचं पिंप वेगळं, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून ठळक अक्षरात नाव. गेटोरेडच्या भुकटीचं ५१ औंसांचं पाकीट सहा गॅलन पाण्यासाठी असतं. ते दहा गॅलनच्या पिंपात ओतून वर काठोकाठ पाणी केलं की फिक्कट काहीतरी तयार होतं आणि खेळाडू दोन घोट घेऊन पेला फेकतात. कमी पाण्यात केलं तर इतकं गोड की धावताना पोटात ढवळतं. बर्फही वितळून पाणीच होणार, त्याची जागा आधी धरायची. भुकटी कोरड्या पिंपात टाकून वरून पाणी सोडलं तर तळाशी गुठळ्या धरतात आणि नेमक्या तोटीत जाऊन बसतात. ज्यानं पीठ पेरून पिठलं केलंय त्याला हे शिकवावं लागत नाही: आधी पाणी, मग थोडं थोडं पीठ, आणि हात थांबवायचा नाही.

या कामावरच्या विद्यार्थ्याला कॉलेजात 'स्टुडंट एड' किंवा 'स्टुडंट वर्कर' म्हणतात. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, पाणक्या. जुन्या वाड्यांतून पाणी भरणारा तो पाणक्या, आणि शब्दात किंचित हिणवणूक आहेच. अमेरिकनांच्या 'वॉटर बॉय'मध्येही ती आहे. फरक इतकाच की या पाणक्याला तासावर पगार मिळतो आणि त्यातला मोठा वाटा बहुतेक वेळा 'वर्क-स्टडी' नावाच्या योजनेतून, म्हणजे संघराज्य सरकारकडून येतो.

ज्यांच्या हाताखाली हे विद्यार्थी काम करतात ते म्हणजे ॲथलेटिक ट्रेनर. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममध्ये डंबेल मोजणारा माणूस डोळ्यासमोर येतो, म्हणून हा शब्द मराठी वाचकाला हमखास चकवतो. ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला परवानाधारक माणूस असतो: मैदानावर दुखापत तपासणारा, घोटा बांधणारा, मेंदूला धक्का बसलाय का ते पाहणारा, खेळाडूला परत खेळू द्यायचं की नाही यात डॉक्टरांबरोबर ज्याचा शब्द चालतो तो. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या पेशाला मान्यता दिली. त्यांना नुसतं 'ट्रेनर' म्हटलेलं आवडत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ही चूक केलेली फार लवकर लक्षात येते.

वर्क-स्टडी म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावणं सोपं आहे, कारण 'कमवा आणि शिका' हे शब्द आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि विद्यार्थ्यानं श्रम करून शिकायचं हा विचार संस्थेच्या मुळाशी होता. पुणे विद्यापीठाची याच नावाची योजना भाऊरावांच्याच नावानं चालते. अमेरिकेतली योजना १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्टमधून आली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध जो मोर्चा उघडला होता त्याचा तो भाग, आणि पुढच्याच वर्षी ती उच्च शिक्षणाच्या कायद्याखाली गेली. ग्रंथालय, भोजनगृह, प्रवेश कार्यालय, प्रयोगशाळा, सगळीकडे हे विद्यार्थी असतात. ॲथलेटिक ट्रेनिंग रूम, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघायची खोली, ही त्यातली एक जागा, आणि जरा वेगळी, कारण इथल्या कामाला आजारी, दुखऱ्या माणसाचा शेजार आहे.

या जागेचा पगार कसा जन्माला आला ती गोष्ट मला योजनेच्या इतिहासापेक्षा बोलकी वाटते. पूर्वी ॲथलेटिक ट्रेनर होण्याचे दोन रस्ते होते. एक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचा. दुसरा उमेदवारीचा: कॉलेजच्या संघाबरोबर १५०० तास काढायचे आणि परीक्षेला बसायचं. या दुसऱ्या रस्त्यामुळे कॉलेजांना पाणी भरायला, टॉवेल धुवायला, घोटे बांधायला फुकटचे हात भरपूर मिळत. 'अनुभव मिळतोय ना, मग पैसे कशाला?' हे वाक्य मराठी कानांनाही ओळखीचं आहे. २००४ मध्ये हा रस्ता बंद झाला. पुढे पेशात शिरायला पदव्युत्तर पदवी लागेल असं ठरलं, आणि २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवरच्या अभ्यासक्रमांना नवे प्रवेश घेता येईनासे झाले. ज्या कॉलेजांत पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्हता तिथले हे विद्यार्थी बघता बघता संपले. पिंपं मात्र तेवढीच राहिली. ती भरायला आता पगारी विद्यार्थी ठेवावे लागतात, आणि हे उत्तम झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशांकडे. इथे सगळ्यात जास्त गैरसमज असतात आणि त्यांची किंमत विद्यार्थी मोजतो. आर्थिक मदतीच्या पत्रात 'फेडरल वर्क-स्टडी: २००० डॉलर' अशी ओळ दिसली की आईवडील ती रक्कम फीमधून वजा करून मोकळे होतात. ते पैसे कुणी खात्यात भरत नाही. ती फक्त कमाल मर्यादा आहे. आधी नोकरी शोधायची, काम करायचं, तास भरायचे, मग पगार हातात येतो, निदान महिन्याला एकदा. फी भरण्याच्या तारखेला त्यातला एक डॉलरही आलेला नसतो.

आणि या मर्यादेचं गणित विचित्र आहे. टेक्सस, जॉर्जिया, आयोवा अशा राज्यांत संघराज्याचं किमान वेतन चालतं, ताशी ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. तिथे २००० डॉलरमध्ये २७५ तास बसतात. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये किमान वेतन १६.६६ होतं, तिथे तेच २००० डॉलर १२० तासांत संपतात. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात आठवड्याला पंधरा तास सहज लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला लागलेल्या मुलाचे पैसे ऑक्टोबर संपायच्या आत खलास, आणि हंगाम तर नोव्हेंबरपर्यंत चालतो. मग विभागाला स्वतःच्या खिशातून पूर्ण पगार द्यावा लागतो, किंवा मुलाला घरी पाठवावं लागतं. शहाणा वरिष्ठ ऑगस्टमध्येच रक्कम भागिले दर भागिले आठवडे हा भागाकार करून वेळापत्रक लावतो. हा भागाकार विद्यार्थ्यानंही करावा, वरिष्ठावर सोडू नये.

जाहिरातीत 'वर्क-स्टडी असणाऱ्यांना प्राधान्य' असं का लिहितात, तेही याच हिशेबात आहे. सर्वसाधारणपणे पगाराच्या ७५ टक्क्यांपर्यंत वाटा संघराज्य सरकार उचलतं आणि उरलेला कॉलेज. १६.६६ च्या तासाला कॉलेजचे जातात चार डॉलर सतरा सेंट. तोच तास वर्क-स्टडी नसलेल्या मुलाकडून करून घेतला तर पूर्ण १६.६६. दोन्ही मुलं तितकीच कामसू असली तरी निवड कुणाची होणार हे उघड आहे. म्हणून अर्जाच्या पहिल्या ओळीतच 'मला यंदा इतक्या रकमेचं वर्क-स्टडी मंजूर आहे' असं लिहावं. गोडगोड प्रस्तावनेपेक्षा ती ओळ जास्त काम करते.

ऑगस्टचा सराव हा वेगळाच पेच. वर्ग सुरू व्हायचे असतात, संघ मात्र आलेला असतो, आणि सगळ्यात जास्त पाणी याच तीन आठवड्यांत लागतं. कित्येक कॉलेजांत वर्क-स्टडीचे पैसे सत्र सुरू झाल्यावरच वापरता येतात, म्हणून ऑगस्टचा पगार विभागाच्या खात्यातून होतो. विद्यार्थी आपल्याच कॉलेजात काम करत असला तर सत्रात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्क्यांचा कर सहसा कापला जात नाही. पण उन्हाळ्यात वर्गाला नाव नसताना केलेल्या कामावर तो कापला जाऊ शकतो. ऑगस्टचा पगार कमी का आला म्हणून हिशेब खात्यात भांडायला जाण्यापूर्वी हे माहीत असावं.

जाता जाता एक. २०२५ च्या जून महिन्यात न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठं आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्याच मैदानाच्या कडेला बाटल्या भरणारा अजून किमान वेतनाच्या आसपास आहे. यात अन्याय शोधायचा तर शोधता येईल. मला जास्त खटकतो तो तिसरा, ज्याला अजूनही काही ठिकाणी 'स्वयंसेवक' म्हणून फुकट राबवतात.

कारण पगारी असण्यानं पैशांपलीकडे बरंच काही बदलतं. पगारी विद्यार्थी हा कायद्यानं कर्मचारी असतो. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामाबद्दल कामगार सुरक्षेचा जो नियम आहे तो जिथे लागू होतो तिथे कर्मचाऱ्याला आधी प्रशिक्षण द्यावं लागतं, हातमोजे द्यावे लागतात, आणि नेमणुकीपासून दहा कामकाजाच्या दिवसांत हिपॅटायटिस बीची लस फुकट देऊ करावी लागते. काम करताना पाठ भरली, बोट कापलं, तर त्याची नोंद आणि भरपाई यांची ठरलेली वाट असते. स्वयंसेवकाचं पुष्कळदा 'बघू' असतं. म्हणून रक्तानं माखलेला टॉवेल दिसला की नव्या मुलानं पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: माझं प्रशिक्षण झालंय का? नसेल तर टॉवेल तिथेच राहू द्यायचा आणि ज्याचं झालंय त्याला हाक मारायची.

आता खोलीच्या आत. बर्फाची पिशवी करणं हे पहिल्या दिवशी शिकवलं जाणारं काम, आणि सहा महिन्यांनीही निम्मे लोक ते चुकीचं करतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत तिसऱ्या हिश्शापर्यंत बर्फाचा चुरा भरायचा. पिशवी टेबलावर आडवी ठेवून तळव्यानं थापायची आणि तळापासून तोंडाकडे दाबत हवा बाहेर काढायची. तोंडानं हवा ओढून घ्यायची जुनी सवय आहे, ती सोडावी. मग पीळ देऊन टोकाजवळ गाठ. तयार पिशवी पुरणाच्या उंड्यासारखी गोल राहिली तर गुडघ्यावर एका बिंदूलाच टेकते. ती थालीपिठासारखी पसरट हवी, म्हणजे सांध्याला लपेटून बसते. हवा राहिली तर बर्फ आणि कातडी यांच्यात गादी तयार होते आणि गारवा पोचतच नाही. गाठ टोकाला मारायची याचं कारण असं की मध्ये मारली तर पिशवी ताठ फुगते आणि पहिल्या पावलाला फुटते.

वर चार इंची प्लास्टिकची पट्टी गुंडाळून पिशवी बांधतात. इथे खरी जोखीम आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या मागून पायाची एक नस अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर बर्फ आवळून बांधला आणि खेळाडू बसमध्ये तसाच झोपून गेला, तर उठल्यावर पाऊल वर उचलता येत नाही, असे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून बर्फ कुठे बांधायचा ते ॲथलेटिक ट्रेनर ठरवतो, वीस मिनिटांनी काढायचा, आणि प्रवासात झोपणाऱ्याला बर्फ बांधून पाठवायचं नाही. विद्यार्थ्याचं काम पिशवी उत्तम करून देणं, आणि वीस मिनिटांचं घड्याळ लावणं.

बर्फाच्या यंत्राचा एक नियम आहे: फावडं बर्फात खोचून ठेवायचं नाही, ते बाहेर त्याच्या खोक्यात. आत ठेवलं की त्याच्या मुठीवरचा सगळा मैदानाचा मळ बर्फात उतरतो, आणि तोच बर्फ पिण्याच्या पिंपात जातो. हात घालून बर्फ घेणारा खेळाडू दिसला तर, तो संघाचा कर्णधार का असेना, टोकायचं.

कोपऱ्यातल्या स्टीलच्या टाकीत शेकाच्या पिशव्या असतात. जाड कापडाच्या कप्प्यांत बेंटोनाइट भरलेलं, आपल्या मुलतानी मातीच्या जातकुळीतलं. टाकीतलं पाणी ७१ ते ७४ अंश सेल्सियसवर ठेवतात. सकाळी खोली उघडली की पहिली नजर या टाकीच्या पाण्यावर, दुसरी तापमापकावर. पाणी रोज उडतं. पातळी खाली गेली की पिशव्यांची डोकी कोरडी पडतात, आणखी खाली गेली की तापणारी कांब उघडी पडून जळते. पाणी घालायचं ते सकाळीच. पेशंट येण्याआधी दहा मिनिटं बादलीभर गार पाणी ओतलं तर टाकी तासन् तास कोमट राहते आणि दिवसभर सगळे कुरकुरतात. पिशवी बाहेर काढली की टॉवेलच्या सहा ते आठ घड्या मध्ये घालून द्यायची. एका पातळ टॉवेलवर दिलेली पिशवी भाजते, आणि ते लगेच कळत नाही, कारण शेक सुरुवातीला छानच वाटतो. वापरलेली पिशवी परत टाकीत गेली की पुन्हा तापायला निदान अर्धा तास. पुढच्याला देताना कोणती ताजी हे कळावं म्हणून त्या एका बाजूनं क्रमानं लावतात.

टेबलं पुसण्यातही असंच. फवारा मारला, लगेच फडकं फिरवलं, चकाचक. त्यानं धूळ गेली, जंतू नाही. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर पृष्ठभाग किती मिनिटं ओला राहिला पाहिजे ते छापलेलं असतं, काहींवर चक्क दहा. तेवढा वेळ तो ओला राहायला हवा, मध्येच सुकला तर पुन्हा फवारा. कुस्तीच्या मॅटवर तर याला पर्याय नाही. कातडीचे संसर्ग एका पैलवानाकडून दुसऱ्याकडे तिथूनच जातात, हे आपल्या तालमीतल्या वस्तादांनाही ठाऊक असतं. टेबलाचं रेक्झिन कुठे फाटलेलं दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं, कारण फाटलेल्या जागेतला स्पंज कशानंच निर्जंतुक होत नाही.

आता न करायच्या गोष्टी. घोटा सुजलाय, जरा बघ ना, असं खेळाडू म्हणतो तेव्हा बघायचं नाही. कोणता व्यायाम करू, आज खेळू का, गोळी आहे का, यातल्या एकाचंही उत्तर विद्यार्थ्यानं द्यायचं नसतं. ही कुंपणं महाराष्ट्रातून गेलेल्या एका गटाला फार जाचतात: इथे साडेचार वर्षांचं बीपीटी पुरं करून तिकडे पदव्युत्तर शिक्षणाला गेलेले फिजिओथेरपिस्ट. हाताला कळत असतं की हा अस्थिबंध ताणलाय, समोर तपासायला कुणी मोकळं नाही, आणि आपण टॉवेलच्या घड्या घालतोय. पण तिथला परवाना नाही तोवर तो हात तिथे सामान्य माणसाचाच हात. एकदा तपासलं आणि चुकलं तर त्या खेळाडूचं, ज्याच्या हाताखाली काम करतोय त्या ट्रेनरचं आणि स्वतःच्या पुढच्या परवान्याचं, तिघांचंही नुकसान होतं. टॉवेलच्या घड्या घालताना नीट बघत राहावं. खूप शिकायला मिळतं.

या गटासाठी अजून दोनचार गोष्टी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला संघराज्याचं वर्क-स्टडी मिळत नाही, ते नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि काही ठरावीक बिगर-नागरिकांनाच. पण कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत नोकरी करता येते. म्हणून जाहिरातीत 'फक्त वर्क-स्टडी' लिहिलंय की 'विद्यार्थी वेतन' हे आधी वाचावं. वीस तास हे सगळ्या नोकऱ्या मिळून. ग्रंथालयात बारा आणि ट्रेनिंग रूममध्ये दहा केले तर ते बावीस होतात, आणि सामना लांबला हे कारण व्हिसाच्या नियमाला चालत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी नोकरीचं पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र दोन्ही लागतात. कर भरताना भारत-अमेरिका करारातल्या एकविसाव्या कलमाचा उपयोग करावा. अनिवासी असूनही भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट त्यामुळेच मिळते, आणि बरेच लोक ती घ्यायची विसरतात.

तिकडेच जन्मलेल्या मराठी घरांतल्या मुलांचा प्रश्न निराळा असतो. फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला जायचंय, त्यासाठी निरीक्षणाचे तास हवेत, ते इथे भागतील का? बऱ्याच ठिकाणी ते तास परवानाधारक फिजिकल थेरपिस्टच्या हाताखालचेच लागतात, ॲथलेटिक ट्रेनरच्या नाही. ज्या कॉलेजांत अर्ज करायचा त्यांचे नियम पहिल्याच वर्षी वाचून ठेवावेत. चौथ्या वर्षी कळलं तर चारशे तास पाण्यात. शब्दशः.

सगळ्यात अवघड भाग तोंड सांभाळण्याचा. खोलीत जे दिसतं, ऐकू येतं ते बाहेर जाऊ द्यायचं नाही. शनिवारी क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाचा मुख्य खेळाडू, खेळणार का, असं वसतिगृहातला मित्र सहज विचारतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याची बंदी उठवण्याची वाट राज्यांना मोकळी केली, तेव्हापासून या सहज प्रश्नाला रोख किंमत आली आहे. ट्रेनिंग रूममधल्या विद्यार्थ्यांकडूनही त्यामुळे गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली जाते. उत्तर एकच ठरवून ठेवावं, 'मला माहीत नाही', आणि चेहराही तसाच ठेवावा.

आत मात्र उलट. डोक्याला मार बसलेला खेळाडू, वर्गातला मित्र, कानाशी येऊन म्हणतो, जरा गरगरतंय, पण सरांना सांगू नकोस, रविवारी बघू. हे त्याच मिनिटाला सांगायचं असतं. वय एक, वसतिगृह एक, जेवणाचं टेबल एक, म्हणून खेळाडू जे ट्रेनरला सांगत नाही ते पाण्याची बाटली देणाऱ्याला सांगतो. या जागेवरच्या माणसाचं खरं मोल मला इथे दिसतं, आणि जाहिरातीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि मग तो हौद. ऑगस्टमध्ये मैदानाच्या कडेला, सावलीत, जनावरांना पाणी पाजायला वापरतात तसला प्लास्टिकचा मोठा हौद ठेवलेला असतो. उष्माघात झालेल्याला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या खाली आणायचं, शक्यतो अर्ध्या तासात. त्यानंतरच रुग्णवाहिकेत. आधी थंड करा, मग हलवा. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघातानं कोसळला आणि पंधरा दिवसांनी गेला. स्वतंत्र चौकशीत जे बाहेर आलं त्यात, त्याला थंड पाण्यात बुडवलंच गेलं नाही, हेही होतं.

निर्णय ट्रेनरचा. पण हौद भरलेला असणं हे विद्यार्थ्याचं काम, आणि ते सरावाच्या आधीचं. नळाला मिनिटाला वीस लिटर धार असली तर तीनशे लिटरला पाव तास जातो. माणूस कोसळल्यावर नळ सोडून चालत नाही. हौद अर्ध्याहून थोडा जास्त भरायचा, कारण आत माणूस जाणार आहे. बर्फ शेजारी दोनतीन पेट्यांत तयार ठेवायचा, म्हणजे तो सकाळीच वितळून वाया जात नाही. पाणी १५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. माणूस आत असताना पाणी सतत ढवळायचं, नाहीतर अंगालगत कोमट थर साचतो. शेजारी चादर, टॉवेल, छत्री. आतलं तापमान गुदमार्गानंच नीट मोजता येतं, आणि तेव्हा आडोसा धरणारे हात लागतात.

दुसरं काम फाटकाचं. रुग्णवाहिका कोणत्या फाटकानं येणार, किल्ली कुणाकडे, रस्त्यावर उभं राहून हात कोण करणार, हे नावानिशी ठरलेलं असावं. कागदावर सगळं असतं आणि फाटकाला सकाळी कुणीतरी नवं कुलूप लावलेलं असतं. म्हणून किल्ली रोज लावून बघायची.

हवा मोजायचं छोटं यंत्र याच कामातलं. ते नुसतं तापमान दाखवत नाही. ओलं फडकं गुंडाळलेल्या, म्हणजे दमटपणा सांगणाऱ्या तापमापकाला त्यात ०.७ वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला ०.२ आणि साध्या तापमापकाला फक्त ०.१. दमटपणा इतका का मोजायचा हे चंद्रपूरचा उन्हाळा आणि रत्नागिरीचा उन्हाळा दोन्ही सोसलेल्याला विचारा: जिथे घाम वाळतच नाही तिथे साध्या तापमापकाचा आकडा लहान असूनही जीव नकोसा होतो. यंत्र मैदानावरच धरायचं, इमारतीच्या सावलीत नाही, आणि काही मिनिटं स्थिर होऊ द्यायचं. सावलीतला गोड आकडा बघून प्रशिक्षक खूश होतो. पोरं धावतात उन्हात.

संध्याकाळी सगळं उलट क्रमानं. पिंपं रिकामी, तोट्या खोलून काढायच्या, साबण, मग जंतुनाशक, मग धुणं. सरबताच्या पिंपाची तोटी न खोलता नुसती वाहत्या पाण्याखाली धरली की आत साखरेचा चिकट थर राहतो आणि आठवड्यानं काळी बुरशी. झाकण लावून ठेवलेलं ओलं पिंप सकाळी कुबट वास मारतं. पिंप उपडं, झाकण वेगळं, तोटी वेगळी, तिन्ही जाळीवर.

याला पाऊण तास जातो. संघ केव्हाच गेलेला असतो, आणि 'सराव संपला' म्हणून बऱ्याच मुलांनी फोनवरचं तासांचं बटण तेव्हाच दाबून टाकलेलं असतं. ते पिंपं जाळीवर उपडी ठेवल्यावर दाबायचं.